शेजाऱ्यांना लागलेली झळ

1941 हे साल माझ्या दुखण्याच्या इतिहासात दोनदा येतं. त्या फेब्रुवारीत मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, म्हणजे माझंच दुखणं, पुरुषी हार्मोनवर पोसतो. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेकाबरोबर, म्हणजे किरणोपचाराबरोबर, मला जी इंजेक्शनं मिळाली, ती त्याच शोधाच्या वंशातली. त्यांच्यामुळे भर पावसात, पंख्याखाली बसूनही अंगातून वाफा येत.

शेक त्याहून जुना. 1910 च्या दशकात पॅरिसला पास्तो आणि देग्रे हे डॉक्टर रेडियमची नळी लघवीच्या मार्गातून थेट ग्रंथीपर्यंत नेत. पण प्रोस्टेटला वरून मूत्राशय आणि मागून गुदाशय अगदी चिकटून. गाठ भाजायची तर हे शेजारीही होरपळणार. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्टची यंत्रं आली, पुढे स्टॅनफर्डला बॅगशॉ यांनी लिनियर ॲक्सिलरेटर वापरला, 1990 च्या दशकात संगणकाने किरणांना ग्रंथीच्या आकाराचं वळण दिलं. शंभर वर्षांची ही सगळी धडपड माझ्या मते एकाच गोष्टीसाठी होती: शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी. शेकाआधी पाणी पिऊन मूत्राशय भरायला सांगतात, तेही त्याचा बराचसा भाग किरणांपासून दूर राहावा म्हणूनच.

तरी झळ लागतेच, आणि ती उशिरा लागते. शेक संपून माझी आंब्याच्या बागेची कामं पूर्ववत सुरू झाली होती, तेव्हा एका सकाळी शौचात रक्त दिसलं. रोग परतला म्हणून मी हादरलो. तसं नव्हतं. शेकाने गुदाशयाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या खराब होतात, त्यांच्या जागी नाजूक नव्या फुटतात, आणि त्यांतून सहज रक्त येतं. दुर्बिणीतून आरगॉन वायूच्या साहाय्याने त्या बंद केल्या. रक्त दिसलं तर तपासून घ्यावंच, पण कुठल्याही डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगावं, की शेक झालाय. शेकलेल्या जागेचा तुकडा तपासायला काढला, तर जखम भरता भरत नाही.

लघवीची घाई मात्र कायमची. आमच्या जामसंड्याहून एसटीने कणकवलीला जाताना तळेबाजार, शिरगाव, नांदगाव इथे कुठे सोय आहे ते मला पाठ आहे. एकदा मध्येच उतरलो, तर कंडक्टर म्हणाला, "काका, हय कित्याक उतारतास?" मी खरं ते सांगितलं. त्याने गाडी थांबवून धरली.

नवरा-बायकोच्या संबंधांवरही परिणाम होतो. त्यावर आमच्याकडे कोणी बोलत नाही. आम्ही दोघं बोललो, आणि घरातला अबोला गेला.

2021 मध्ये टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी 224 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर जोखमीच्या रोगात फक्त प्रोस्टेट शेकण्याऐवजी ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही शेकल्या, तर पाच वर्षांत 95 टक्के रुग्णांत रोग आटोक्यात राहिला. फक्त प्रोस्टेट शेकलेल्यांत 81. पण लसिका ग्रंथीही शेकलेल्यांत लघवीचे उशिराचे त्रास दुपटीहून जास्त. आता गावातलं कोणी या रोगाच्या उपचारासाठी मुंबईला निघालं, की मी त्याला हे दोन्ही आकडे सांगतो. आणि कुठवर शेकणार, हे पहिल्याच भेटीत विचारायला सांगतो.