पेइंग गेस्ट आणि भाडेकायदा

मुंबईत कुणाच्या तरी घरात खाट किंवा खोली घेऊन राहणारा पेइंग गेस्ट म्हणजे साहेबी राहणीची नक्कल, असं सर्रास मानलं जातं. मला तो भाडेकायद्याचं अपत्य वाटतो. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं १ सप्टेंबर १९४०चं भाडं प्रमाण मानलं. बाकी सगळं महागत गेलं, भाडं जागच्या जागी राहिलं. मग नुसता ताबा हीच मालमत्ता झाली आणि तिच्यासाठी पागडी मोजली जाऊ लागली. त्यात खोलीत माणूस ठेवणारा पुष्कळदा स्वतःच भाडेकरू. पोटभाडेकरू ठेवल्याचं उघडकीला आलं तर त्याचंच बिऱ्हाड उठायचं. आणि ठेवलेला माणूस हलेल याची खात्री नाहीच. ही भीती काल्पनिक नव्हती. १९७३च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचे हक्क दिले. पेइंग गेस्टला मात्र त्यातून वगळलं. कुटुंबाबाहेरचा, आणि जागा देणारा स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग वापरणारा, अशी त्याची व्याख्या. जागा देणारा त्याच घरात वावरतो, हेच त्याचं संरक्षण ठरलं. पाहुणचाराचा संबंध बेताचाच.

यावर कुणी गिरणगावाकडे बोट दाखवील. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार कायद्याच्या कितीतरी आधीपासून गाववाल्याच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि त्याच खोलीतल्या बाईच्या खाणावळीत जेवत. खरं आहे. पण तिथे माणूस नात्यातून, गावकीतून येई आणि वागला नाही तर बोभाटा थेट गावापर्यंत जाई. अनोळखी माणसाच्या बाबतीत असा धाक कुठला? तिथे कायद्यातली फटच उपयोगी पडली.

याहून वजनदार आक्षेप पुढच्या काळातला. १९९९च्या नव्या भाडेकायद्याने मुदत संपल्यावर लायसन्सवरची जागा परत मिळवणं बरंच सोपं केलं. तरी पेइंग गेस्ट का उरला? उरला खरा, पण कुठे ते पाहावं. आजचे कितीतरी ‘पीजी’ म्हणजे ओळीने खाटा टाकलेले फ्लॅट, आणि मालक राहतो दुसरीकडेच. ताबा जाण्याची धास्ती सरल्यावर त्याला परक्या माणसासोबत एका छताखाली राहायचं कारण उरलं नाही.