फणीची गोष्ट

आजचा विषय चारचौघींत काढायचा नाही असा आपल्याकडे जणू संकेतच आहे. पण उवा कधीच झाल्या नाहीत असं घर शोधूनही सापडायचं नाही. शाळा सुरू झाली की लेक डोकं खाजवायला लागते आणि आई घाबरते ती उवांना नव्हे, लोक काय म्हणतील याला. या लाजेपेक्षा ऊ कितीतरी जुनी आहे.

संस्कृतात उवेला यूका आणि लिखेला लिक्षा म्हणतात. आपले शब्द तिथूनच आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची मापं दिली आहेत. आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव आणि आठ जवांचं एक अंगुळ. लीख केवढी असते हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती, म्हणून तर ती मापाला चालली! शेजारच्या गुजरातेत बाराव्या शतकात कुमारपाल नावाचा राजा होता. त्याने जैन धर्माचा आश्रय घेऊन राज्यात जीवहत्या बंद केली होती. एका धनिकाने ऊ चिरडली, तेव्हा राजाने त्याची संपत्ती जप्त करून त्यातून ‘यूकाविहार’ नावाचं मंदिर बांधवलं, अशी कथा मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. म्हणजे उवा श्रीमंतांच्या घरीही होत्याच.

आता फणीकडे वळू. आजच्या इस्राएलमधल्या लाखीश या ठिकाणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. तिच्या एका बाजूला गुंता सोडवायला सहा जाड दाते होते, दुसऱ्या बाजूला उवा काढायला चौदा बारीक दाते. तिच्यावरची अक्षरं २०२२ मध्ये वाचली गेली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जावोत, असं मागणं त्यावर कोरलेलं आहे. आपली लाकडी फणी याच घराण्यातली. सुया, बिबे, पोत विकणाऱ्या बायका ती दारोदार आणायच्या. आजही देवीच्या वाणात फणी-करंडा असतो. आपल्या वणीच्या सप्तशृंगीला जाताना फणीला हात जोडतो आणि घरी आल्यावर तिला ‘उवांची फणी’ म्हणून लपवून ठेवतो!

मग लाज आली कुठून? तिचं एक कारण रोगाची भीती. १९०९ मध्ये शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं की टायफस हा जीवघेणा ताप उवांमुळे पसरतो. पण त्या उवा कपड्यांत राहणाऱ्या, डोक्यातल्या नव्हेत. डोक्यातल्या उवा खाज आणतात, झोप मोडतात, रोग पसरवत नाहीत. अस्वच्छतेमुळेही त्या होत नाहीत. त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की त्या चालत जातात. म्हणून आश्रमशाळेत, वसतिगृहात, एका अंथरुणात निजणाऱ्या बहिणींत त्या जास्त दिसतात. यात मुलीचा दोष काय?

लाजेपोटी घाईचे उपाय होतात आणि खरा धोका तिथेच आहे. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात. ती उवा मारते, पण डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम करते. नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. रॉकेल पेट घेतं, कातडी भाजतं. आणि द्राक्षबागेसाठी आणलेलं औषध कधीही, थेंबभरसुद्धा डोक्याला लावू नका. ते कातडीतून अंगात भिनतं, जीव जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या नेपल्स शहरात लाखो लोकांवर डीडीटी पावडर फवारून टायफस आटोक्यात आणला. पुढे उवाच त्या पावडरीला दाद देईनाशा झाल्या. फणीला मात्र त्या सरावू शकल्या नाहीत.

म्हणून मुलीला उजेडात बसवा. कानामागे आणि मानेवर पाहा. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला चिकटून बसते. केस धुऊन, ओले असतानाच कंडिशनर किंवा खोबरेल तेल भरपूर लावा. बट-बट वेगळी करून मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवा आणि दर वेळी पांढऱ्या फडक्याला पुसा. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून एकदा करून भागत नाही. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे करा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि फण्या गरम पाण्यात धुवा. औषधी लोशन आणलंत तर पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा, आणि सांगितल्या दिवशी पुन्हा लावा. बाळ अगदी लहान असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.

आणि उवांसाठी लेकीचे केस रागाने कापू नका, तिला शाळेतून घरी बसवू नका. ऊ दोन आठवड्यांत जाते. चारचौघींत झालेला अपमान लवकर जात नाही.