एका पायावरचा राजा

ऑनसाईटला असताना ऑफिसच्या लोकांबरोबर एकदा बेसबॉलची मॅच बघितली होती. अर्धा वेळ कंटाळलो, उरलेला अर्धा वेळ खात बसलो. त्यामुळे मी बेसबॉलवर लिहितोय म्हटल्यावर काही मित्र हसतील. हसू देत. गेल्या शनिवारी सादाहारू ओह या जपानी खेळाडूबद्दल वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले, म्हणून हा उद्योग.

ओहने कारकिर्दीत ८६८ होमरन मारले. होमरन म्हणजे साधारण आपला सिक्सर. अमेरिकेतल्या मेजर लीगचा विक्रम ७६२ चा आहे, म्हणजे बघा. पण मला खिळवून ठेवलं ते त्याच्या पहिल्या तीन वर्षांनी, कारण ती चक्क वाईट होती.

जन्म १९४० चा, टोकियोतला. आई जपानी, वडील चिनी, घरचं छोटं हॉटेल. १९५७ मध्ये त्याने शाळेला कोशिएनची वसंत स्पर्धा जिंकून दिली, तीही पिचर म्हणून, बोटाला फोड येऊन रक्त निघत असताना. त्याच वर्षी शाळेचा संघ राष्ट्रीय क्रीडा महोत्सवाला निवडला गेला आणि याला मात्र खेळू दिलं नाही. का, तर तू जपानी नागरिक नाहीस! सतरा वर्षांच्या पोराला हे ऐकवायचं.

१९५९ मध्ये योमिउरी जायंट्सने त्याला घेतलं. पिचिंग बंद, तू बॅटिंग कर म्हणाले. पहिल्या २६ संधींत एकही हिट नाही. सत्ताविसाव्या वेळी थेट होमरन, पण तेवढंच. त्या वर्षी १९३ संधींत ७२ स्ट्राइकआउट, म्हणजे आपल्या भाषेत त्रिफळा उडाल्यासारखं. त्याच्या आडनावाचं अक्षर म्हणजे 'राजा', तेव्हा प्रेक्षक 'स्ट्राइकआउटचा राजा' म्हणून ओरडायचे. पुढच्या वर्षी १७ होमरन, त्याच्या पुढे १३. आमच्याकडे असा ग्राफ अप्रेझलमध्ये दाखवला तर काय होतं, ते सांगायला नको.

१९६२ मध्ये हिरोशी आराकावा बॅटिंग कोच म्हणून आले. योगायोग म्हणजे शाळकरी ओहला मैदानात बघून "तू डाव्या हाताने खेळ" असं सांगणारे हेच. आता त्यांनी दोष शोधला: पिचरने बॉल टाकायच्या सुमारास ओहच्या हातांना एक झोका बसायचा आणि अंग वेळेआधीच पुढे जायचं. सांगून सवय जाईना. मग युक्ती काय, तर पुढचा पाय उचलून एकाच पायावर उभं राहायचं! तोल सांभाळायचा म्हटल्यावर अंगाला आधी पुढे झुकता येतच नाही. मला हे फार आवडलं. बग काढता येत नाही ना, मग तो घडूच शकणार नाही अशी रचना करा.

१ जुलै १९६२, तैयो संघाविरुद्ध. तोवर हंगामात ९ होमरन झाले होते. आराकावांनी सांगितलं, आज पाय उचल. त्या दिवशी तीन हिट, त्यातला एक होमरन. हंगाम संपला तेव्हा आकडा होता ३८, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. मग कोचच्या घरी तासन्‌तास सराव, टांगलेल्या कागदावर तलवार चालवणं वगैरे सुरू झालं. १९६४ मध्ये ५५ होमरन. आणि १९६२ ते १९७४ अशी सलग १३ वर्षं होमरनमध्ये तोच पहिला. पासपोर्ट मात्र त्याने कधी बदलला नाही.

काल गॅलरीत झाडू हातात घेऊन एका पायावर उभा राहून बघितलं. चार सेकंदांत कुंडीवर गेलो.