एका रानाला किती रायफली? राधानगरीच्या जंगलातून बंदुकीच्या बोअरचा इतिहास

(राधानगरी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातलं संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. शाळेच्या सहलीत तर हमखास. पेंढा भरलेले वाघ, भिंतीवरची गव्यांची डोकी, आणि जवळच शस्त्रांची कपाटं. पोरं वाघापुढे थांबतात, मोठी माणसं तलवारींपुढे. मी आज एक वेगळाच प्रश्न घेऊन आलोय. ही एवढी वेगवेगळी जनावरं एकाच रानात. मग त्यांच्यासाठी बंदूक कुठली घ्यायची? एकच रायफल सगळ्याला पुरेल का?

प्रश्न तसा शिकाऱ्यांच्या गप्पांमधला वाटतो. पण त्याच्या उत्तरात आपल्या भागाचा बराच इतिहास दडलेला आहे. तोच आज उलगडून बघू.

आधी आपलं रान डोळ्यांसमोर आणा. दाजीपूरच्या जंगलात पिसोरी आहे, म्हणजे ते सशाएवढं हरीण. वजन तीनएक किलो. भेकर आहे, वीस-पंचवीस किलोचं. मग रानडुक्कर, मग सांबर, दोनशे किलोच्या पुढे. बिबट्या आहे, वाघ होता. आणि सगळ्यांच्या वर गवा. पुरता वाढलेला नर आठशे-नऊशे किलोपर्यंत जातो. म्हणजे तीन किलोपासून नऊशे किलोपर्यंत, आणि हे सगळं एका दिवसाच्या चालीत. आफ्रिकेतल्या मोकळ्या गवताळ मैदानात जनावर लांबून दिसतं. इथं कारवीची दाट जाळी, ओल्या उतारावरची झाडी. सड्यावर आलात तर लांबवर दिसेल, पण सड्यावरून खाली उतरलात की तीस पावलांवरचा गवा दिसत नाही. नुसता वास येतो.

आता बोअर म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. रायफलीचा बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेला. ‘तीनशेपंचाहत्तर’ म्हणजे ०.३७५ इंच, साधारण साडेनऊ मिलिमीटर. छर्‍याच्या बंदुकीचा हिशेब मात्र वेगळा. ‘बारा बोअर’ म्हणजे त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड. म्हणून तिथं आकडा लहान तेवढी नळी मोठी. बऱ्याच जणांचा इथं गोंधळ होतो.

आता राजांकडे येऊ. राजर्षी शाहू महाराज, जन्म १८७४, निधन १९२२. शिकारीचे मोठे शौकीन. दाजीपूरचं रान हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. पण एक गंमत बघा. महाराजांना ‘एकच रायफल कुठली’ हा प्रश्न कधी पडलाच नसणार. माळावरच्या काळविटासाठी चित्ते होते. पाळलेला, शिकवलेला चित्ता गाडीतून न्यायचा आणि कळपावर सोडायचा. रानडुकरासाठी घोडा आणि भाला. म्हणजे दोन मोठ्या शिकारी तर बंदुकीशिवायच व्हायच्या. आणि जिथं बंदूक लागायची, तिथं एक सोडून अनेक. हलकी वेगळी, जड वेगळी, भरून हातात द्यायला माणूस मागं उभा.

तेव्हा लक्षात घ्या, सगळ्याला चालेल अशी एकच रायफल ही राजाची गरज नव्हती. ती पगारदार माणसाची गरज होती. जंगल खात्यातला अधिकारी, पलटणीतला कॅप्टन, धरणावरचा इंजिनियर. सामान एका बैलगाडीत मावलं पाहिजे आणि खर्च पगारात बसला पाहिजे. हा माणूस दुकानाच्या यादीपुढे डोकं खाजवत बसायचा.

त्याच्यापुढे काय होतं? एकोणिसाव्या शतकात काळी दारू. पाचशे बोअर, पाचशेसत्त्याहत्तर बोअर, अशा जाड नळ्या. बार काढला की पुढे धुराचा पडदा. जनावर पडलं की अंगावर येतंय, हे धूर विरल्यावर कळायचं. मग कॉर्डाइट आलं, बिनधुराची दारू. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीनं ‘चारशेपन्नास नायट्रो एक्स्प्रेस’ काढली. पण कॉर्डाइटला उन्हाचा त्रास. उष्ण हवेत त्याचा दाब वाढतो. इंग्लंडमध्ये व्यवस्थित चालणारं काडतूस मे महिन्यात इथं नळीत अडकून बसायचं. म्हणून या रायफलींची काडतुसं मुद्दाम लांब, मोठ्या पोटाची केली, की आतला दाब कमी राहावा आणि रिकामी टोपी सहज बाहेर यावी. आपल्या हवामानानं त्या काडतुसाला आकार दिलाय, असं म्हटलं तर चुकणार नाही.

आणि मग १९०७ साल. इंग्रज सरकारनं चारशेपन्नास बोअरवर हिंदुस्थानात बंदी घातली. का? फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअरही तोच. शिकारीच्या नावाखाली आलेली गोळी बंडखोरांच्या हातात पडेल, ही धास्ती. फौजेच्या तीनशेतीन बोअरचंही तेच, खाजगी माणसाला मनाई. आता कारखानदार काय करतात? गिऱ्हाईक तर हिंदुस्थानात. त्यांनी बोअर थोडा थोडा सरकवला. चारशेपासष्ट, चारशेसत्तर, चारशेपंचाहत्तर, चारशेशहात्तर. गव्याला यातला फरक कळणार नाही, पण कायद्याला कळत होता! (हशा) आज जुन्या संग्रहांमध्ये हे विचित्र आकडे दिसतात. त्यांच्यामागे कुठलं मोठं शास्त्र शोधू नका. त्यांच्यामागे सरकारची भीती आहे.

याच वर्षी कुमाऊँमध्ये जिम कॉर्बेटनं चंपावतची नरभक्षक वाघीण मारली आणि त्याला रिग्बीची दोनशेपंचाहत्तर बोअरची रायफल भेट मिळाली. सात मिलिमीटरची हलकी गोळी, वजन नऊ-दहा ग्रॅम. डोंगरात दिवसभर खांद्यावर वागवता येते, नेम लांबवर लागतो. पण हाच कॉर्बेट जड दुनळी रायफलही बाळगायचा. म्हणजे त्यालाही एकीत भागलं नाही.

सगळ्यात जवळचं उत्तर आलं १९१२ मध्ये. हॉलंड अँड हॉलंडची तीनशेपंचाहत्तर मॅग्नम. हिची खुबी काय? दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या एकाच वजनाच्या गोळीला जुळवलेल्या असतात. गोळी बदलली की दोन नळ्यांचे बार दोन ठिकाणी. तीनशेपंचाहत्तर मात्र एकनळी खटक्याच्या रायफलीत भरता यायची, आणि तिला तीन वजनाच्या गोळ्या मिळायच्या, साधारण १५, १७ आणि १९ ग्रॅमच्या. हलकी गोळी सांबराला, जड आणि कठीण गोळी गव्याला. शिकारी सांगत की तिन्हींचा बार जवळपास एकाच जागी लागतो. रायफल एक, गोळ्या तीन.

गोळीचं टोकही महत्त्वाचं. नरम टोकाची गोळी आत जाऊन फुलते, वाघाला ती हवी. पण गव्याच्या खांद्यावर ती वरच फुटली तर आत पोचतच नाही. तिथं पूर्ण कवचाची गोळी लागते. या फुलणाऱ्या गोळीला जगभर ‘दमदम’ म्हणतात, ते कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून. १८९९ च्या हेग परिषदेत ती युद्धात वापरायला मनाई झाली. माणसाला नको म्हटलेली गोळी शिकारीत मात्र चालू राहिली.

आता मी मुद्द्यावर येतो. हे सगळे आकडे विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

चुकीचा बोअर निवडला तर काय होतं? जनावर मरत नाही. जखमी होतं आणि जाळीत शिरतं. जखमी गवा पळून जाऊन आपल्याच माग्यावर आडोशाला थांबतो, असं जुने शिकारी सांगतात. त्याला तसं सोडून जायचं नाही, हा शिकारीचा नियम. पण माग काढत पुढे कोण जायचं? साहेब मचाणावर. खाली हाकारे. धनगरवाड्यातली, आसपासच्या गावातली माणसं, हातात डबे, काठ्या, फार तर कुऱ्हाड. साहेबानं पैसे वाचवून, खांद्याला धक्का नको म्हणून हलकी रायफल घेतली, तर त्या बचतीचा भुर्दंड हाकाऱ्यानं भरायचा. बोअरची निवड बंदूकवाला करायचा, धोका मात्र बिनबंदुकीचा माणूस घ्यायचा. शिकारीच्या पुस्तकांत रायफलीचं नाव, कारखान्याचं नाव, गोळीचं वजन सगळं मिळतं. हाकाऱ्याचं नाव शोधायला जा, क्वचित सापडेल.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आपोआप सुटला, म्हणजे निवडच उरली नाही. परदेशी रायफली आणि काडतुसं मिळेनाशी होत गेली. सरकारी इशापूर कारखान्यानं नागरिकांसाठी तीनशेपंधरा बोअरची रायफल काढली, आणि तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीत बनू लागली. गावाकडे मात्र रायफल कमीच. तिथं पीक राखायच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, नाहीतर बारा बोअर. ‘सगळ्याला चालणारी’ खरी बंदूक तीच होती, आणि तिनं मारली त्याहून जास्त जनावरं जखमीच झाली असणार.

१९५८ मध्ये दाजीपूर गव्यांचं अभयारण्य झालं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत झाला. २०१२ मध्ये हे रान पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं. राजाचं राखीव रान होतं म्हणून गवा उरला, हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. पण त्या राखणीची किंमत कुणी दिली, हेही त्याच वाक्यात म्हटलं पाहिजे.

प्रश्न घेऊ. एकच घेऊ, वेळ झालाय.

श्रोता : सर, हे सगळं इतिहासाचं झालं. पण आमच्या उसात आज गवा येतो. रात्रभर नुकसान करतो. मग परवान्याची बंदूक असून उपयोग काय?

तुमचा राग खरा आहे दादा, तो मी बोलून घालवणार नाही. पण आत्ताच सांगितलेलं आठवा. बारा बोअरच्या छर्‍यानं गवा मरत नाही, चिडतो. कायदा तर आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी रात्री अंधारात उसात जखमी गवा, आणि सकाळी त्याच उसात पाणी पाजायला जाणार कोण? तुम्हीच, नाहीतर तुमचा गडी. तोच हाकारा झाला ना पुन्हा? म्हणून वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज लावून धरा. भरपाई उशिरा मिळते, कमी मिळते, त्यासाठी भांडायला मी तुमच्यासोबत उभा राहीन. पण बार काढू नका. या रानात चुकलेल्या बाराचा हिशेब नेहमी पायी चालणाऱ्यानंच चुकवलाय.

थांबतो.