पुसट चित्रांचा वारसा

कोंकणांतील सावर्डें येथें कलाशिक्षण देणारें महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यापुढें संगणकाच्या पडद्यावर एखादें डागाळलेलें छायाचित्र आलें, तर त्यानें तें कोठवर उजळावें? याचें उत्तर अजिंठ्याच्या इतिहासांत सांपडतें.

१८४४ पासून रॉबर्ट गिल यांनीं तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून नव्या प्रती करविल्या. त्यांतल्याहि अनेक १८८५ सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. १९२० च्या सुमारास मूळ चित्रांवर रक्षणार्थ रोगण चढविलें. कालांतरानें तेंच काळवंडून चित्रें झांकोळलीं.

नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनीं अलीकडे या चित्रांचीं छायाचित्रें घेऊन संगणकावर त्यांचें पुनरुज्जीवन आरंभिलें. येथें हात चुकला तरी भिंतीस धक्का लागत नाहीं, हा केवढा लाभ!

परंतु डाग पुसणें वेगळें आणि झडलेला चेहरा कल्पनेनें रेखाटणें वेगळें. म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी जपावी, काम दुसऱ्या प्रतीवर करावें, आणि आपण घातलेली भर उघड सांगावी. नाहींतर उद्यांचा अभ्यासक आपल्याच रेषेला अजिंठ्याची रेषा समजेल.