प्रतिकृतीची किंमत

गेल्या खंडेनवमीस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं शस्त्रपूजनासाठीं पाटावर दोन तरवारी मांडलेल्या आम्हीं पाहिल्या. दोन्ही युरोपांतील मध्ययुगीन सरदारांच्या तरवारींच्या प्रतिकृति. दोन्ही त्यांनीं परदेशच्या वास्तव्यांत विकत घेतलेल्या. एक पुष्कळ वर्षांपूर्वीं अगदीं स्वस्तांत मिळालेली, आरशासारखी लखलखीत. दुसरी अलीकडची, दिसण्यांत साधी, परंतु पहिलीच्या दसपट किंमतीची. अशा तरवारींचे भाव अलीकडे फार चढले आहेत, आणि जी वस्तु मुळांत नक्कलच तिच्यासाठीं एवढें द्रव्य वेंचणें हा शुद्ध अविचार होय, असें घरांतील मंडळींचें म्हणणें होतें. ‘तुम्हींच काय तो न्याय करा,’ असें स्नेह्यांनीं आम्हांस विनविलें. त्या वेळीं आम्हीं प्रसाद घेऊन उत्तर टाळलें. परंतु प्रश्न मनांतून जाईना. अस्सल वस्तूची किंमत तिच्या जुनेपणावरून व दुर्मिळपणावरून ठरते हें सर्वांस समजतें. नकलेची किंमत कशावरून ठरवावी? ह्या प्रश्नाचें उत्तर तरवारीच्या इतिहासांतच आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडीत आहों.

तरवार ही वस्तु मूळपासूनच मोलाची. ऱ्हाइन नदीकाठच्या रिपुएरियन फ्रँक लोकांचा जो प्राचीन कायदा आहे, त्यांत दंड नाण्यांऐवजीं जिनसांत भरावयाचा झाल्यास कोणती वस्तु किती मोलाची धरावी ह्याची एक यादी आढळते. तींत बैल २ सॉलिडसांचा व घोडी ३ सॉलिडसांची धरिली आहे; शिरस्त्राण ६ सॉलिडसांचें व चिलखत १२ सॉलिडसांचें. नुसती तरवार ३ सॉलिडसांची. परंतु म्यानासह असेल तर तीच ७ सॉलिडसांची! म्हणजे त्या काळच्या तरवारबहाद्दराच्या कमरेला साडेतीन बैल लटकत असत, आणि त्यांतील दोन बैल केवळ म्यानापोटीं खर्ची पडत. आज म्यानावांचून तरवार विकत घेऊन ‘स्वस्त पडली’ म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुढें पाणचक्कीच्या जोरावर चालणारे भाते व घण आले, लोखंड मुबलक झालें, आणि चौदाव्या शतकांत इंग्लंडांत साधारण प्रतीची तरवार कांहीं पेन्सांतहि मिळूं लागली. सारांश, उंची व हलक्या मालांतील अंतर हें आजचें नव्हे. तें सहासातशें वर्षांपूर्वींहि होतेंच.

जेथें उंची माल तेथें त्याची नक्कल. नवव्यापासून अकराव्या शतकापर्यंतच्या सुमारें १७० तरवारी युरोपांत निरनिराळ्या ठिकाणीं सांपडल्या आहेत, ज्यांच्या पात्यांवर लोखंडी अक्षरांत ‘उल्फबर्ट’ असें फ्रँक नांव जडविलेलें आहे. दोन शतकांहून अधिक काळ एक मनुष्य तरवारी घडवूं शकत नाहीं, हें उघड आहे. तेव्हां हें नांव एका कारागिराचें न राहतां मालाच्या प्रतीची खूण बनलें असलें पाहिजे. लंडनच्या वॉलेस संग्रहालयाशीं संबंध असलेले धातुशास्त्रज्ञ अ‍ॅलन विल्यम्स यांनीं ह्यांपैकीं बऱ्याच पात्यांची तपासणी केली. तींत असें दिसून आलें कीं, कांहींचें पोलाद त्या काळीं दुर्मिळ अशा उत्तम प्रतीचें आहे, तर कांहींचें अगदींच सामान्य. नांवांतील अक्षरांची व क्रुसाच्या चिन्हाची मांडणीहि सर्वांवर एकसारखी नाहीं. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण ज्यांस लागू पडावी असे ग्राहक हजार वर्षांपूर्वींहि होते तर!

पुढें जर्मनींतील पासाउ शहराच्या पात्यांवर धांवत्या लांडग्याची आकृति कोरीत. ती पात्यें नांवाजलीं, तेव्हां सोलिंगेनच्या कारागिरांनींहि तोच लांडगा आपल्या पात्यांवर सोडला. आमचा दक्षिण देश ह्या व्यवहारापासून अलिप्त नव्हता. पोर्तुगीज व इतर युरोपियन व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आलेलीं लांब, सरळ पातीं येथल्या मुठींत बसवून वापरीत. अशा तरवारीस आपण ‘फिरंग’ म्हणूं लागलों, तें ह्यामुळेंच. ह्या विलायती पात्यांचा लौकिक एवढा होता कीं, देशी पात्यांवरहि युरोपियन छाप नकलून उठवीत. म्हणजे खरेदीदारास ठकविण्याची विद्या कोणा एका राष्ट्राच्या वांट्यास आलेली नाहीं.

येथवरच्या नकला लढाईसाठीं होत्या. पातें खोटें निघालें तर धन्याच्या प्राणाशीं गांठ. म्हणून नकलेची परीक्षा रणांतच होई आणि ती चुकत नसे. एकोणिसाव्या शतकांत ही परीक्षा संपली. रणांगणावर बंदुकांचें राज्य होतें, आणि मध्ययुगीन तरवार दिवाणखान्यांत गेली. १८१९ च्या अखेरीस सर वॉल्टर स्कॉट यांची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी बाहेर पडली आणि इंग्रजी वाचकवर्गास सरदारी युगाचें वेड लागलें. स्कॉट यांनीं स्वतः आपल्या अ‍ॅबट्‌सफर्ड येथील वाड्यांत जुनीं शस्त्रें मांडलीं. १८२४ मध्यें सर सॅम्युएल मेरिक यांनीं जुन्या चिलखतांसंबंधीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून ह्या हौसेस अभ्यासाची जोड दिली. परंतु हौस अभ्यासापेक्षां वेगानें धांवते. ऑगस्ट १८३९ मध्यें स्कॉटलंडांत अर्ल ऑफ एग्लिंटन यांनीं जुन्या पद्धतीचे द्वंद्वयुद्धाचे सामने भरविले. अतोनात खर्च झाला, आणि पहिल्याच दिवशीं पावसानें सरदार व प्रेक्षक सर्वांस चिंब केलें. ह्या प्रसंगीं शस्त्रें व चिलखतें पुरविणारा सॅम्युएल प्रॅट हा लंडनच्या बाँड स्ट्रीटवरील व्यापारी होता. मागणी मोठी आणि अस्सल माल थोडा. अशा वेळीं जें व्हावयाचें तेंच झालें. त्याच्या दुकानांतून ‘जुन्या’ म्हणून गेलेल्या कित्येक वस्तु त्याच्याच काळांत घडविलेल्या होत्या, असें पुढील संशोधकांस आढळून आलें.

ह्याच्या उलट उदाहरण म्युनिकच्या एर्न्स्ट श्मिट यांचें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्या कारखान्यांत तरवारी व चिलखतें उघडपणें प्रतिकृति म्हणूनच बनत आणि छापील सूचीवरून विकलीं जात. पुढें इतरांच्या हातीं गेल्यावर त्यांतील कांहीं अस्सल म्हणून खपविलीं गेलीं, हा दोष घडविणाऱ्याचा नव्हे. आज त्याच प्रतिकृति स्वतः जुन्या वस्तु म्हणून लिलावांत येतात व संग्राहक त्या नांवानिशीं विकत घेतात. येथें आम्हांस पहिला निष्कर्ष मिळतो: जी नक्कल आपण नक्कल आहों हें लपवीत नाहीं, तिला कालांतरानें स्वतःची प्रतिष्ठा येते.

परंतु प्रामाणिकपणा पुरेसा नाहीं, ज्ञानहि पाहिजे. त्या काळच्या पुष्कळ नकला आकृतीपुरत्या बऱ्या, पण हातीं घेतां जड. घडविणाऱ्यानें तरवारीची बाह्य रेषा पाहिली होती, जाडी पाहिली नव्हती. ह्याचा परिणाम केवळ खरेदीदाराच्या मनगटापुरता राहिला नाहीं. मध्ययुगीन तरवारी दहा-पंधरा पौंडांच्या असत, सरदार म्हणजे निव्वळ बळाचा पुतळा, त्याला पवित्रे ठाऊक नव्हते, तो लोखंडाच्या कांबीनें लोखंड बडवी, अशी एक समजूत सुशिक्षितांतहि रूढ झाली आणि शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोंचली. वस्तुतः संग्रहालयांतील एकहाती तरवारी ताजव्यांत घातल्या तर बहुतेक एक ते दीड किलोच्या आंत भरतात. लढाईच्या मोठ्या दुहाती तरवारीहि साधारणतः दोन-तीन किलोंच्या. वाईट नक्कल ही अशी वाईट इतिहासकारहि असते. ग्रंथांतील चूक पुढील ग्रंथकार दुरुस्त करतो. हाताला लागलेली चूक कोण दुरुस्त करणार?

ही दुरुस्ती ज्यांनीं केली त्यांत इंग्लंडचे एवार्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. त्यांस ही आवड लहानपणींच त्यांचे मामा, कादंबरीकार जेफ्री फार्नॉल, यांच्या घरच्या तरवारींमुळें लागली. १९६० व १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं पात्याची आकृति व छेद पाहून मध्ययुगीन तरवारींचें वर्गीकरण केलें. तें आजहि प्रमाण मानितात. चिलखत बदललें तशी तरवार बदलली, कापणारें रुंद पातें हळूहळू भोंसकणारें अणकुचीदार झालें, ही संगति त्यांनीं दाखविल्यावर तरवार ही शोभेची कांब न राहतां विचारपूर्वक बनविलेलें यंत्र आहे, हें लोकांस कळूं लागलें. स्वीडनचे पीटर जॉनसन यांनीं पुढें संग्रहालयांतून एकेक तरवार काढून तिची लांबी, जाडी, वजन व तोल बारकाईनें मोजला, आणि त्यांच्या आराखड्यांवरून अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत तरवारी घडूं लागल्या. सर्वसाधारण ग्राहकांसाठीं १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यांतून सूचीवर माल विकला जाऊं लागला. आणि वाचकांस नवल वाटेल, त्या मालाचा मोठा भाग आमच्या देहराडूनला, १९४३ सालीं स्थापन झालेल्या विंडलास यांच्या कारखान्यांत तयार होई. ज्या देशानें एके काळीं युरोपचीं पातीं आणून आपल्या मुठींत बसविलीं, त्याच देशानें युरोपच्या तरवारींच्या प्रतिकृति पश्चिमेस पाठवाव्या, हें कालचक्र मौजेचेंच म्हणावयाचें.

आतां भाववाढीकडे वळूं. तींतील बराच भाग तरवारीचा नसून नाण्याचा आहे. अमेरिकेंतील महागाईच्या सरकारी निर्देशांकाप्रमाणें सन २००० मध्यें १०० डॉलरांस जें मिळे, त्यासाठीं सन २०२४ मध्यें सुमारें १८० डॉलर मोजावे लागत. त्यांतच २००० सालीं डॉलरचा भाव सुमारें ४५ रुपये होता, तो २०२४ सालीं ८४ च्या घरांत गेला. म्हणजे जी वस्तु आमच्या माणसास साडेचार हजार रुपयांस पडती, तीच, कारागिरानें एक पैसाहि जास्त न घेतां, पंधरा हजारांवर गेली. ही वाढ पाहून कारागिरास लोभी म्हणणें अन्यायाचें आहे. तो स्वतःहि त्याच बाजारांत पीठ-मीठ विकत घेतो.

नाण्याची ही घट वजा घातल्यावर जी किंमत उरते, ती कशाची? पोलादाची मुळींच नव्हे. एका तरवारींत पोलाद तें किती! ती किंमत तासांची आहे. चांगलें पातें मुठीजवळ पांच-सहा मिलिमीटर जाड असतें आणि टोंकाकडे उतरत उतरत सुमारें दोनवर येतें. हा उतार डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं; पण तो नसेल तर तरवार हातांत पहारीसारखी लोंबते, आणि असेल तर मनगटाबरोबर वळते. एकसारख्या जाडीच्या पत्र्यांतून पातें कापून काढणें थोड्या वेळाचें काम. हा उतार घांसून आणणें, मधली पन्हळ सरळ ठेवणें, पाणी देतांना पातें वांकूं न देणें, हें अनुभवी हातांचें काम आहे, आणि असे हात जगांत थोडे आहेत. जुन्या रीतींत पात्याची शेपटी रुंद राखून, मुठींतून आरपार नेऊन, शेवटच्या गोळ्यावर ठोकून बसवीत. स्वस्त शोभेच्या तरवारींत मात्र पात्यास एक बारीक सळई डाग देऊन जोडतात व वर चक्री घट्ट करतात. भिंतीवर दोन्ही सारख्याच शोभतात.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं हाच भेद त्या दिवशीं उघड झाला होता. पूजेनंतर एका मुलानें ती लखलखीत तरवार सहज उचलली, तों मूठ त्याच्या हातांत गरकन् फिरली, परज खुळखुळली. यजमानांनीं ती हळूच काढून घेतली. मग दुसरी त्याच्या हातीं दिली. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘ही तर हलकी आहे!’ स्कॉटच्या काळच्या वाचकांस जें ठाऊक नव्हतें, तें त्या मुलास एका क्षणांत कळलें.

म्हणून आमचा न्याय असा. भिंत सजवावयाची असेल, तर थोडक्यांत भागवावें आणि ती तरवार भिंतीवरच ठेवावी. त्यांत फसवणूक नाहीं. पुढें भाव येईल ह्या आशेनें कोणी प्रतिकृति घेऊं नये. श्मिटच्या मालास प्रतिष्ठा यावयास तीन-चार पिढ्या लागल्या, आणि तेवढें आयुष्य संग्राहकास नसतें. पण ज्यास गतकाल हातानें समजून घ्यावयाचा आहे, त्यानें तीन निकृष्ट घेण्यापेक्षां एक उत्तम घ्यावी, वजन व उतार विचारून घ्यावी, आणि जमल्यास म्यानासह घ्यावी. अस्सल मध्ययुगीन तरवार मध्यम स्थितीच्या गृहस्थास कधींच परवडणारी नाहीं, आणि परवडली तरी ती मुलांच्या हातीं देववणार नाहीं. प्रतिकृति देतां येते. तिच्या किंमतींत जेवढें सत्य असेल तेवढी ती किंमत रास्त. बाकीची, मग ती कितीहि थोडी असो, जास्तच.