पलटणीचा कागद आणि गावचे दप्तर

कोकणात आणि सातारा भागात कितीतरी गावांतून चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच तिच्यावर मजकूर. आकडे आहेत, पण नाव एकाचेही नाही. ती पाटी पाहून एखादे चौकस पोर विचारते, "गुरुजी, हे लोक कोण?" या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळण्यासारखे आहे. त्यासाठी दोन दप्तरे उघडावी लागतात : एक लष्कराचे, दुसरे वारसाचे.

आधी थोडा इतिहास. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, लढल्या. कूत या गावी तुर्कांनी त्यांना वेढले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा चालला. शेवटी अन्न संपले आणि सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांतली पुष्कळ परत आलीच नाहीत. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र नुसता आकडा! युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने हा भेदभाव २०२१ मध्ये उघडपणे कबूल केला. म्हणजे बघा, गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडाच.

आता शोधाला लागू. पहिली पायरी आपल्या घरातच आहे. पेटीच्या तळाशी त्या युद्धाचा बिल्ला असेल तर त्याची कडा पुसून उजेडात धरा. बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. बिल्ला नसला तर डिस्चार्जचा दाखला किंवा पेन्शनचे पुस्तक पाहा. पलटण कळली की अर्धे काम झाले. मात्र एक ध्यानात ठेवा : १९२२ साली पलटणींचे नंबर बदलले. १०३ नंबरची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटण तर १९२१ मध्येच मोडली. नव्या यादीत जुना नंबर शोधाल तर हाती काही लागणार नाही.

माणूस युद्धात मेला असेल तर त्या आयोगाची यादी आता संगणकावर पाहता येते. नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते, तेव्हा उच्चार थोडेफार बदलून पाहा. जिल्हाही जुना धरा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडचे नाव कुलाबा होते, आणि सांगलीकडचे कितीतरी तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यात होते.

दुसरे दप्तर वारसाचे. विलायतेत शिपायाचे मृत्युपत्र आणि त्याचे प्रोबेट पाहून घराण्याचा शोध घेतात. आपल्या खेड्यात प्रोबेटचा रिवाज नव्हता. मुंबई शहरात हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेट लागे, मुफसलात त्यावाचून चाले. म्हणून पणजोबा परत येऊन मुंबईत नोकरीला राहिले असतील आणि मागे काही ठेवून गेले असतील, तरच हायकोर्टाकडे वळा. एरवी जिल्ह्याच्या कोर्टात १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारसाचा दाखला आहे का ते विचारा. आणि सर्वांत आधी तलाठ्याकडचा किंवा तहसील कचेरीतला जुना फेरफार काढा. मयताचे नाव कमी करून वारसांची नावे कधी लागली, ते त्यात असते. जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणारा जाणकार बरोबर घ्या.

फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. बेपत्ता माणसाची सात वर्षे काही वार्ता नसेल तर तो मयत धरावा, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते. १९१६ साली कैदेत गेलेल्याची नोंद १९२४ सालीही सापडू शकते. मधली आठ वर्षे त्या घराने वाट पाहण्यात काढली, हेच ती नोंद सांगते.

आणि त्या घरात वाट पाहणारी बाई कोण? फेरफारात ती बहुधा पुरती दिसत नाही. १९३७ च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा नव्हता, फक्त पोटगी होती. मुलगा लहान असेल तर 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून तिचे नाव येई. मूल नसेल तर जमीन दिरांच्या नावे जाई आणि ती कागदावरून नाहीशी होई. पण आयोगाच्या कित्येक नोंदींत मृताच्या नावापुढे 'अमकीचा नवरा, अमुक गाव, अमुक तालुका' असे लिहिलेले आहे. गावाने जिचे नाव लिहिले नाही, तिचे नाव परक्या भाषेतल्या लष्करी यादीत टिकून राहिले! म्हणूनच एका दप्तरावर विसंबू नये. लष्कराचा कागद माणूस कुठे पडला ते सांगतो, गावचा कागद त्याच्यामागे काय झाले ते सांगतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम तुमच्या वर्गाला झेपण्यासारखे आहे. पाटीवर समजा पाच मृतांचा आकडा असेल, तर पाच नावे शोधायची. मुलांनी घरोघर विचारावे, बिल्ले पाहावेत, फेरफाराच्या नकला काढाव्यात. जे नाव दोन्ही दप्तरांत जुळेल ते पक्के धरा. एकाच ठिकाणी सापडेल त्यापुढे तशी खूण करा. आणि सैनिकाच्या नावाखाली त्याच्या आईचे, बायकोचे नाव मिळाले तर तेही लिहा. मग तो कागद शाळेत पाटीशेजारी लावा.